शब्दाला एकच अर्थ असावा, हा हट्ट कशासाठी?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, तेव्हापासून आपल्याकडचा एक जुना वाद नव्याने तापला आहे. मराठीतून तंत्रशिक्षण द्यावे की नाही, हा मूळ प्रश्न. पण चर्चा थोडी पुढे गेली की ती शब्दांच्या मोजदादीवर येते, आणि तिथे 'बीम'सारखा शब्द दोन्ही बाजूंच्या कामी येतो. मराठीचा कैवार घेणारा म्हणतो, इंग्रजीतला गोंधळ तर बघा! घराला आडवे टाकलेले लाकूड तेही बीम, दिव्याचा झोत तोही बीम, तराजूची दांडी बीम, जहाजाची रुंदी बीम, मागावर ताण्याचे सूत गुंडाळायचा रूळ बीम, आणि माणसाचा चेहरा आनंदाने उजळला तरी क्रियापद तेच. आमच्याकडे तुळई वेगळी, शलाका वेगळी, दांडी वेगळी. म्हणजे शास्त्रशुद्ध भाषा कोणाची? समोरचा उत्तर देतो, बांधकामावर जाऊन 'तुळई' म्हणून दाखवा, चारांतल्या तिघांना कळणार नाही. ज्या भाषेत साधा बीमसुद्धा सांगता येत नाही, तिच्यात अभियांत्रिकी कशी शिकवणार?

दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण मोजपट्टी दोघांच्या हातात एकच आहे. चांगल्या भाषेत, निदान शास्त्राच्या भाषेत, एका वस्तूला एक शब्द आणि एका शब्दाला एक अर्थ असला पाहिजे, हे दोघांनी न बोलता धरून चालले आहे. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा आजार नाही, भाषा वाढते तीच या मार्गाने. शास्त्राला नेमकेपणा लागतो हे शंभर टक्के खरे, पण तो शब्दात आधीपासून साठवलेला नसतो. ते शास्त्र करणारी माणसे वापरातून तो घडवतात. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे आपण परिभाषेच्या नावाखाली दर अर्थाला एक नवा जोडशब्द पाडत राहिलो, आणि त्यातले बहुतेक शब्द कोशाबाहेर कधी पडलेच नाहीत.

आधी या बदनाम शब्दाची कुळकथा पाहू. जुन्या इंग्रजीत 'बीम' म्हणजे चक्क झाड. जर्मन भाषेत झाडाला आजही 'बाउम' म्हणतात, डच भाषेत 'बूम'. आणि 'हॉर्नबीम'सारख्या झाडांच्या इंग्रजी नावांत तो अर्थ अजून जिवंत आहे. झाड तोडून, तासून घरावर आडवे टाकले तेव्हा त्याचे नाव त्याच्याबरोबर घरावर चढले. नांगराचा लांब दांडा, तराजूची दांडी, मागाचा रूळ ही सगळी तासलेली सरळ लाकडेच, म्हणून तीही बीम. जहाजाच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत डेकखाली आडवी लाकडे असत. त्यांतले सर्वांत लांब लाकूड म्हणजे जहाजाची रुंदी, म्हणून रुंदीलाही तेच नाव मिळाले. न्यूकमनचे वाफेचे इंजिन 1712 मध्ये इंग्लंडमध्ये उभे राहिले, तेव्हा त्याच्या डोक्यावर तराजूच्या दांडीसारखा वरखाली झुलणारा अजस्र लाकडी दांडा होता. एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला खाणीतले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या कांबी. त्या दांड्यासाठी नवा शब्द शोधायला कोणी समिती नेमली नाही.

राहिला प्रकाश. बायबलात इस्राएली लोकांना रात्री वाट दाखवणारा अग्निस्तंभ येतो. जुन्या इंग्रजीत त्या स्तंभासाठी हाच झाडाचा शब्द वापरला गेला, आणि प्रकाशाचा अर्थ त्याच वाटेने आला असावा असे अभ्यासक मानतात. अंधारात उभा राहिलेला उजेडाचा सरळसोट खांब ज्याने पाहिला, त्याला झाडाचे खोड आठवले तर त्यात गोंधळ कसला?

आणि हे फक्त इंग्रजांना सुचले असेही नाही. लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे काठी, चाकाचा आरा आणि किरणसुद्धा. त्यातूनच वर्तुळाची त्रिज्या आली, किरणाचा इंग्रजी शब्द आला, रेडिओही आला. संस्कृतात 'रश्मी' म्हणजे दोरी, घोड्याचा लगाम, आणि किरण. 'अंशू' म्हणजे सोमवल्लीचा देठ, धागा, आणि किरण. 'कर' म्हणजे हात, सोंड, किरण, आणि सरकार वसूल करते तो कर. ज्या 'शलाका' शब्दाकडे बोट दाखवून आपला मित्र मराठीची शुद्धता सिद्ध करतो, त्या शलाकेचा मूळ अर्थ काडी, सळई. डोळ्यांत अंजन घालायची काडी तीही शलाका. प्रकाशाच्या झोताला 'प्रकाशशलाका' म्हणताना आपण इंग्रजीने केले तेच केले आहे. त्यांनी खोड घेतले, आपण काडी घेतली.

तुळईचे तर त्याहून पुढचे आहे. तुळई आली 'तुला' या शब्दावरून, आणि संस्कृतात तुला म्हणजे तराजू, एक वजन, बारा राशींतली एक रास, आणि घराच्या छपराचे लाकूडसुद्धा. म्हणजे घरावरचे आडवे लाकूड आणि तराजूची दांडी ही जोडी, जी इंग्रजीच्या गबाळेपणाचा पुरावा म्हणून दाखवली जाते, ती आपल्या घरातही जशीच्या तशी बसलेली आहे. आणि ती किती फळली! तोल, तोलणे, समतोल, तुलना, तुल्य, तुल्यबळ, अतुल, तूळ, तोलामोलाचा. तुळईला फक्त तुळई म्हणून कुलूप लावले असते तर यातले काही आले असते का? दोन टोकांवर टेकलेले लाकूड भार कसा वाटून घेते, हे ज्या माणसांनी पाहिले त्यांनीच तराजू केला आणि त्यांनीच तुलनेचा विचार केला. हा शब्द तीन ठिकाणी वापरणारा माणूस विचारांत ढिला नव्हता. त्याला तीन गोष्टींतले साम्य दिसले होते.

आता मराठीतला रोजचा व्यवहार पाहा. 'दंड' हा शब्द घ्या. वाहतूक पोलिसाला दंड भरतो, आखाड्यात दंड थोपटतो, सकाळी उठून दंड काढतो, दंडाला ताईत बांधतो. कोणाची फसगत होते? दहावीच्या गणिताच्या वहीत तर याहून बोलके उदाहरण सापडते. बीजगणितात विद्यार्थी कंस सोडवतो, भूमितीत वर्तुळाच्या कंसाचे माप काढतो, आणि त्याच्या लहानपणीच्या गोष्टीतला कंस कृष्णाचा मामा असतो. एकाच विषयात, एकाच दप्तरात, कधी कधी एकाच प्रश्नपत्रिकेत एकच शब्द दोन तांत्रिक अर्थांनी येतो. गणिताने घाम फुटलेली मुले पुष्कळ आहेत, पण 'कंस' या शब्दाने अडलेला मुलगा मला तरी भेटलेला नाही. फार कशाला, 'अर्थ' या शब्दालाच दोन अर्थ आहेत. शब्दाचा अर्थ सांगणारा शिक्षक आणि अर्थखाते सांभाळणारा मंत्री यांच्यात आपण कधी घोळ घालत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा मात्र टाळता येणार नाही, आणि तो टाळूही नये. बोलाचालीत संदर्भाने निभावते, पण जिथे जीव टांगणीला लागलेला असतो तिथे संदर्भावर विसंबायचे का? या मुद्द्याच्या मागे एक भयंकर घटना उभी आहे. 27 मार्च 1977. टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, धावपट्टीवर दाट धुके आणि दोन जंबो जेट विमाने. एका विमानातून नियंत्रकाला संदेश गेला, त्याचा आशय असा की आम्ही आता 'टेकऑफ'वर आहोत. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागेवर थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. पुढे दुसरे विमान त्याच धावपट्टीवर होते. 583 माणसे गेली. आजवरच्या विमान अपघातांतला हा सर्वांत मोठा बळींचा आकडा आहे. कारणे अनेक होती. धुके होते, घाई होती, त्याच क्षणी दोन रेडिओ संदेश एकमेकांवर आदळून अस्पष्ट झाले होते. पण एका शब्दप्रयोगाला दोन अर्थ निघाले, हेही त्यांतले एक कारण होते, आणि त्याला क्षुल्लक म्हणण्याची माझी तयारी नाही.

पण पुढे उपाय काय झाला, हे पाहायला हवे. जगभरच्या विमानवाहतुकीने 'टेकऑफ'साठी नवा, निर्दोष, एकार्थी शब्द घडवला का? नाही. तोच शब्द ठेवला आणि त्याच्या वापराला शिस्त लावली. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचे. हे दोन्ही शब्द विमानतळाबाहेर पूर्वीसारखेच अनेकार्थी राहिले. धंदा, घर, चेष्टामस्करी, सगळीकडे 'टेकऑफ' हवे तसे वापरले जाते. नियंत्रक आणि वैमानिक यांच्या रेडिओवर मात्र त्याला एकच अर्थ आहे, कारण त्या दोघांनी तसे ठरवले आहे. नेमकेपणा कोशातून आला नाही, तो करारातून आला. विरोधकांच्या सर्वांत जड उदाहरणातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे, तो यामुळे.

परिभाषाशास्त्राचा पाया घालणारे ऑस्ट्रियन अभियंते ऑयगेन व्यूस्टर यांनी 1931 मध्ये तांत्रिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा आग्रह मांडला. एका संकल्पनेला एक संज्ञा हे त्यांचे ध्येय, आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेतले परिभाषेचे काम त्याच विचारावर उभे राहिले. त्या आग्रहाला मी नाव ठेवत नाही. कारखान्यातल्या सुट्या भागांच्या यादीत एकाच स्क्रूला तीन नावे असली की माल चुकतो, यंत्र बंद पडते. पण हा आग्रह त्या त्या विषयाच्या कुंपणाच्या आत शोभतो. जहाजबांधणीतल्या बीमला एकच अर्थ असावा, हे योग्य. जहाजबांधणीत बीम आहे म्हणून प्रकाशशास्त्रात तो असू नये, ही मागणी कोणत्याच शास्त्राने केलेली नाही. ती आपल्या वादातल्या दोघांनी केली आहे.

आणि अनेकार्थी शब्दाने किती काटेकोर काम करता येते, तेही पाहा. पनामा कालव्याच्या मूळ जलपाशांची, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वरखाली नेणाऱ्या दरवाजेबंद हौदांची, रुंदी 110 फूट. त्यांतून जायचे तर जहाजाची बीम 32.31 मीटरपेक्षा जास्त चालत नसे, आणि त्या एका आकड्याभोवती जगभरच्या मालवाहू जहाजांची एक संपूर्ण पिढी बांधली गेली. त्या पोलादी जहाजांत लाकडाचे फळकूटही नव्हते. झाडाचे नाव घेतलेला, किरणाशी नाते सांगणारा शब्द सेंटिमीटरपर्यंत मोजला जात होता. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांचे दोन बीम उलट दिशांनी फिरवून एकमेकांवर आदळवतात. तिथला शास्त्रज्ञ 'बीम चालू आहे' म्हणतो तेव्हा कोणी छताकडे पाहत नाही.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायद्याइतका शब्दांचा धाक दुसऱ्या कोणालाच नसतो. म्हणूनच आपल्या बहुतेक अधिनियमांत सुरुवातीला व्याख्यांचे कलम असते. पण त्या कलमाची सुरुवात वाचली आहे का? संदर्भावरून वेगळा अर्थ निघत नसेल तर पुढील शब्दांचा अर्थ असा घ्यावा, या आशयाची पुस्ती तिथे आधीच जोडलेली असते. प्रत्येक शब्द बांधून ठेवायला बसलेल्या कायद्यालाही संदर्भासाठी दार उघडे ठेवावे लागते. तो कायद्याचा ढिसाळपणा नाही. शेकडो वर्षे शब्दांवर भांडून आलेला तो अनुभव आहे.

संदर्भाने अर्थ कसा ठरतो, याचा विचार आपल्या परंपरेत इतका बारकाईने झालेला आहे की या वादात त्याचे नाव कोणी काढत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात 'नानार्थवर्ग' आहे; एका शब्दाचे अनेक अर्थ तिथे ओळीने पाठ करायला दिले आहेत. कोशकाराने त्यांना दुरुस्त करायला घेतले नाही, साठवून ठेवले. भर्तृहरी या संस्कृत व्याकरणकाराने तर पंधराशे वर्षांपूर्वी, अनेक अर्थांतून एक अर्थ पक्का करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली: संसर्ग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल आणि आणखी काही. 'हरी' म्हणजे विष्णू, सिंह, माकड, इंद्र, घोडा असे कितीतरी. पण 'शंखचक्रासह हरी' म्हटले की विष्णूशिवाय दुसरे कोणी मनात येत नाही. आणि ते प्रसिद्ध 'सैंधव आण'. सैंधव म्हणजे सिंधू देशातले. त्यामुळे मीठही आणि घोडाही. धनी पानावर बसलेला असताना सैंधव मागतो तेव्हा मीठ आणायचे, प्रवासाचा पोशाख करून उभा असताना मागतो तेव्हा घोडा. ताटापाशी घोडा उभा करणारा सेवक मूर्ख ठरतो. शब्दाला कोणी मूर्ख ठरवत नाही. मीमांसक आणि आलंकारिक या उदाहरणावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत राहिले, पण सैंधवाला एकच अर्थ ठेवा, असे सुचवणारा त्यांच्यात कोणी निघाला नाही.

युरोपात मात्र असे सुचवणारे निघाले. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्स यांनी 1668 मध्ये एक संपूर्ण तात्त्विक भाषा रचून प्रसिद्ध केली. सगळ्या विश्वाचे 40 मुख्य वर्ग, त्यांचे पोटवर्ग, आणि प्रत्येक शब्दाच्या अक्षरांतून त्या वस्तूचे वर्गीकरणातले स्थान कळेल अशी योजना. अफाट बुद्धीचे आणि कष्टाचे काम होते. ती भाषा कोणीही बोलले नाही. का नाही? कारण जगाविषयीचे ज्ञान बदलते, आणि ज्या शब्दाच्या पोटात व्याख्या गच्च भरलेली असते तो शब्द ज्ञानाबरोबर मोडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने अठराव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्राची नावे नव्याने बांधली, आणि त्या कामाचे मोल फार मोठे आहे. पण 'ऑक्सिजन' हे नाव त्याने 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाने दिले, कारण प्रत्येक आम्लात तो असतो अशी त्याची समजूत होती. पुढे 1810 मध्ये हंफ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले आणि मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो हे उघड झाले. व्याख्या पडली, नाव टिकले. ते टिकले याचे कारण तोवर लोकांनी त्या नावाच्या पोटातला अर्थ पाहणे सोडून दिले होते. त्रिकोणमितीतल्या 'साइन'चा प्रवास तर याहून विलक्षण. आपल्याकडे 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तिचे 'जीबा' केले. ते पुढे 'जैब', म्हणजे कपड्याची घडी किंवा छाती, असे वाचले गेले. आणि लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर 'सायनस' झाले. दोरीची घडी झाली. 30 अंशांच्या कोनाची साइन मात्र एक द्वितीयांश होती ती तेवढीच राहिली.

मग आपल्या परिभाषेने काय करायला हवे होते? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंत्यांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. मुजुमदारासाठी 'अमात्य' आणि सुरनिसासाठी 'सचिव' ही नावे त्याच काळातली. हे शब्द नवे पाडलेले नव्हते. जुन्या, वापरातल्या संस्कृत शब्दांवर नव्या कामाची जबाबदारी टाकली होती. 'सचिव' म्हणजे मुळात सोबती, मग मंत्री, मग महाराजांच्या अष्टप्रधानांतला एक अधिकारी, आणि आज मंत्रालयापासून सहकारी गृहनिर्माण संस्थेपर्यंत सगळीकडे बसलेला सचिव. एका शब्दाच्या अंगावर चार अर्थ चढले आणि चारही वेळा तो कामाला आला. विसाव्या शतकातही तेच दिसते. 'आकाशवाणी' म्हणजे पुराणातली अदृश्य देववाणी. ती रेडिओ झाली आणि कोणाला अडखळायला झाले नाही. 'संकेतस्थळ' म्हणजे काव्यातली प्रियकर-प्रेयसीची भेटीची जागा. आता पत्ता टाकून जिथे जायचे ते इंटरनेटवरचे ठिकाण. 'शाखा' झाडाची होती, ती विद्येची झाली, बँकेची झाली. 'झोत' पाण्याचा, वाऱ्याचा, उजेडाचा, आणि लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीतला हवेचासुद्धा. रुजलेल्या शब्दांची कितीही मोठी यादी करा, तिच्यात घरचा शब्द नव्या कामाला लावल्याचे उदाहरण पुन्हा पुन्हा सापडेल. जे शब्द केवळ 'आधीच्या कोणत्याही शब्दाशी घोळ होऊ नये' म्हणून जुळवले गेले, ते निर्दोष राहिले आणि निरुपयोगीही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप उरतो. अनेक अर्थांचे ओझे जाणकाराला जाणवत नाही, पण शिकाऊ माणसाचे काय? खेड्यातून आलेल्या, पहिल्यांदाच पदार्थविज्ञान उघडणाऱ्या मुलीला नेहमीचा शब्द वेगळ्या अर्थाने भेटला तर ती चुकणार नाही का? चुकते. 'कार्य' शब्द घ्या. तिने डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने मैलभर चालावे, आणि पुस्तकाने सांगावे की हंड्यावर कार्य शून्य झाले! तिचा गोंधळ खरा आहे आणि शिक्षकाला त्यासाठी तास घालवावा लागतो. पण याला पर्याय काय? 'कार्य'च्या जागी एखादा अगदी अनोळखी शब्द ठेवला तर तिला गोंधळही होणार नाही आणि बोधही होणार नाही. ती व्याख्या पाठ करील आणि परीक्षेत लिहील. ओळखीच्या शब्दाशी झगडताना बळ, विस्थापन आणि दिशा यांचा संबंध तिला तपासावा तरी लागतो. तिचा तो गोंधळ म्हणजेच शिकण्याची सुरुवात आहे, आणि तिला तिथून वाचवायला निघालेली परिभाषा तिचे नुकसान करते.

हिंदी आणि मराठीतला एक फरक तर मला नेहमी थक्क करतो. पदार्थाच्या ज्या कणाला आपण 'अणू' म्हणतो, त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात. आणि हिंदीत 'अणु' म्हणजे आपला 'रेणू'. शास्त्राच्या अगदी पायाशी असलेला एकच शब्द शेजारच्या दोन भाषांत दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एका-शब्दाला-एक-अर्थवाल्यांच्या हिशेबाने इथे अनर्थ व्हायला हवा होता. पण मराठीतून शिकलेली आणि हिंदीतून शिकलेली मुले पुढे एकाच प्रयोगशाळेत बसतात आणि एकच समीकरण लिहितात.

संगणकाचा मुद्दाही हल्ली निघतो: यंत्राला अनेकार्थी शब्द कळत नाहीत, म्हणून भाषा सोपी करा. यंत्रभाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी 1960 मध्ये दाखवून दिले होते की साध्या वाक्यातल्या दोन अर्थांच्या शब्दापाशी भाषांतराचे यंत्र अडकते, कारण त्याला जगाचे ज्ञान नसते. त्यांचा युक्तिवाद पक्का होता. पण पुढच्या साठ वर्षांत भाषा बदलली नाही, यंत्रे बदलली. आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ ओळखायला ती शिकली, म्हणजे भर्तृहरीच्या यादीतली काही कलमे त्यांनीही उचलली. मराठीत ती अजून ठेचकाळतात. त्यांना वाचायला मराठी मजकूर कमी मिळाला, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. त्याचा उपाय अधिक मराठी लिहिणे हा आहे.

शेवटी बांधकामावरचा बीम. तिथल्या गवंड्याला, सळई बांधणाऱ्या फिटरला आणि इंजिनिअरला 'बीम' म्हटले की सिमेंट-काँक्रीटचा, पोटातून लोखंड टाकलेला आडवा घटकच दिसतो. प्लिंथ बीम, बीमची सळई, बीम भरला, बीमला तडा गेला. हा शब्द मराठीत रुजला आहे, त्याला विभक्ती लागतात, तो आपला झाला. त्याला हाकलून तिथे तुळई बसवण्याचा हट्ट मला मान्य नाही. पण बीम आला म्हणून तुळई कोशात पुरावी, हेही मान्य नाही. उसना शब्द येतो तेव्हा त्याचे गोत येत नाही. इंग्रजीतल्या झाडाशी, तराजूशी, उजेडाशी असलेली नाती मागे ठेवून 'बीम' आपल्याकडे एकटाच आला. म्हणून तो इथे इतका नेमका आहे, आणि म्हणूनच त्यातून अजून काही उगवलेले नाही. तुळईला गोत आहे. समतोल शिकवताना, तराजूचे तत्त्व सांगताना, दोन टेकूंवरच्या भाराची वाटणी समजावताना ते गोत शिक्षकाच्या मदतीला येते, आणि तिथे त्याने ते बेलाशक वापरावे.

म्हणून तंत्रशिक्षणाची मराठी पुस्तके लिहिणाऱ्यांनी बांधकामाच्या पुस्तकात 'बीम' छापावे, प्रकाशाच्या पाठात 'शलाका' किंवा 'झोत', तराजूच्या पाठात 'दांडी', आणि यंत्रमागाच्या पुस्तकात माग चालवणारे म्हणतात तेच नाव. परिभाषा समितीने 'बीम'समोर एक सर्वमान्य प्रतिशब्द शोधत बसू नये; विषयवार नोंदी कराव्यात आणि त्या त्या कामातल्या माणसांना विचारून कराव्यात. दोन विषयांत एकच मराठी शब्द आला तर तो खोडू नये. आणि एखाद्या विषयात, टेनेरिफनंतर झाले तसे, एका शब्दावर जीव अवलंबून असेल, तर त्या विषयातल्या लोकांनी एकत्र बसून त्याचा वापर लेखी बांधून घ्यावा.